त्वचेचा नमुना आणि नसांची हानी : कुष्ठरोगनिदानाच्या इतिहासातील दोन वाचने आणि भंडारा जिल्हा

प्रस्तावना

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात बांधीत चिखलणी होते, परहे उपटले जातात आणि रोवणी सुरू होते. हे सर्व काम अनवाणी पायांनी व उघड्या हातांनी होते. जिल्ह्यातील विडी वळण्याचा आणि कोशाचा धागा काढण्याचा व्यवसायही बोटांच्या टोकांवरील स्पर्शज्ञानावर अवलंबून आहे. चिखलातील काटा पायाला न कळणे किंवा चुलीवरचे गरम भांडे हाताला न जाणवणे ही अशा श्रमजीवी समाजात केवळ वैद्यकीय तक्रार ठरत नाही. उपजीविकेवरच तो आघात असतो. कुष्ठरोगाने होणारी खरी हानी हीच आहे. हा रोग अंगावरील चट्ट्यांमुळे ओळखला जात असला, तरी मूलतः तो परिघीय मज्जातंतूंचा, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांच्याबाहेर शरीरभर पसरलेल्या संवेदनवाहक व चालक तंतूंचा रोग आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर हा पूर्व विदर्भाचा पट्टा महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेला भाग म्हणून दीर्घकाळ नोंदला गेला आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत शासकीय नोंदींतील ‘भंडारा’ म्हणजे आजचे दोन्ही जिल्हे होत. त्यामुळे त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

रुग्णाच्या त्वचेचा लहानसा नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही कुष्ठरोगनिदानाची जुनी रीत आहे. मात्र या नमुन्याची दोन वाचने संभवतात. एक वाचन जंतूंचे : नमुन्यात रोगजंतू आहेत काय, आणि असल्यास किती? दुसरे वाचन तंतूंचे : त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतू शाबूत आहेत काय, आणि नसल्यास किती उरले आहेत? पहिले वाचन समाजाला असलेला संसर्गाचा धोका सांगते, तर दुसरे रुग्णाच्या हातापायांचे भवितव्य. या दोन वाचनांचा इतिहास पाहणे आणि त्यांपैकी कोणते वाचन जिल्हा पातळीपर्यंत पोहोचले व कोणते प्रयोगशाळेतच राहिले याचा शोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नसांचा रोग ही ओळख

कुष्ठरोगातील बधिरता प्राचीन काळापासून ज्ञात होती; तिचा शारीरिक आधार मात्र एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाला. नॉर्वेतील बर्गेन येथील डॅनियलसन व बोएक यांनी १८४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रोगाचे गाठींचा व बधिरतेचा असे दोन मुख्य प्रकार मानले. बधिरतेच्या प्रकारात नसांमध्ये होणाऱ्या बदलांकडे त्यामुळे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले गेले. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५९ मध्ये बर्गेनला भेट दिली. रोगग्रस्त ऊतींमधील फेसाळ दिसणाऱ्या पेशींना पुढे त्यांचेच नाव मिळाले.

या घडामोडींशी मुंबईचा संबंध फार लवकर आला. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईत दाखल झाले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. कुष्ठरोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनातून त्यांनी रोगाची लक्षणे व ऊतींमधील बदल यांवर १८६० च्या दशकाच्या आरंभी लेखन केले आणि नसांच्या जाड होण्याची दखल घेतली. चित्रकाराचा हात आणि शरीरशास्त्रज्ञाची दृष्टी यांचा येथे संयोग झाला होता. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले. त्याच वर्षी बर्गेनमध्ये गेरहार्ड आर्मर हॅन्सेन यांना रुग्णांच्या गाठींतील द्रवात दंडाकार सूक्ष्मजीव दिसले होते. १८७४ मध्ये कार्टर यांचा कुष्ठरोगविषयक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. काही वर्षे सातारा येथे काम केलेला हा डॉक्टर पश्चिम भारतातील रुग्णांचे निरीक्षण आणि युरोपातील प्रयोगशाळा यांच्यातील दुवा ठरला.

हॅन्सेन यांच्या शोधानंतर संशोधनाचा ओघ बदलला. रोगाचे कारण सापडल्यामुळे जंतू हाच अभ्यासाचा केंद्रबिंदू होणे स्वाभाविक होते. नस हे जंतूने हानी केलेले एक स्थान, इतकेच तिचे महत्त्व उरले. कायद्याची दृष्टीही याहून फारशी वेगळी नव्हती. १८९८ च्या कुष्ठरोगविषयक कायद्याने, ज्याच्या शरीरावर व्रण होण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे अशा रुग्णाला आपल्या व्याख्येत घेतले. वस्तुतः तळपायावरील व्रण हा बधिरतेचा परिणाम असतो. वेदना न झाल्याने जखमेकडे दुर्लक्ष होते आणि ती चिघळते. म्हणजे नसांची हानी पूर्ण झाल्यावर कायद्याला रुग्ण दिसत असे, आणि तोही उपचारासाठी नव्हे, तर वेगळा ठेवण्यासाठी. हा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला.

पहिले वाचन : चिरेतील जंतू

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमात वाढवता येत नाही. तो अतिशय मंद गतीने वाढतो; एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणूनच निदानासाठी रुग्णाच्या ऊतीतच त्याचा शोध घ्यावा लागतो. फिलिपीन्समधील क्युलियन येथे दीर्घकाळ काम केलेल्या एच. डब्ल्यू. वेड यांच्या नावाशी जोडली जाणारी चिरेची पद्धत यासाठी सर्वत्र रूढ झाली. कानाची पाळी किंवा चट्ट्याची कड चिमटीत घट्ट धरून रक्तप्रवाह थांबवायचा, सुमारे पाच मिलिमीटर लांब व दोन ते तीन मिलिमीटर खोल चीर घ्यायची, पात्याने आतील द्रव खरवडून काचपट्टीवर पसरायचा आणि झील-नीलसन पद्धतीने रंगवायचा. आम्लाने धुतल्यावरही लाल रंग टिकवून धरणारे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतात. त्यांची गणना शून्य ते सहा अधिक अशा श्रेणीत केली जाते आणि प्रत्येक वरची पायरी दसपट जंतू दर्शवते.

ही पद्धत स्वस्त होती, थोड्या प्रशिक्षणाने शिकता येत होती आणि खेडोपाडी नेता येत होती. त्यामुळे स्वातंत्र्योत्तर काळातील कुष्ठरोग नियंत्रणाचा ती कणा बनली. या कार्याला विदर्भाची भूमी विशेष अनुकूल ठरली. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे काम सुरू केले होते. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी केलेली परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा सर्वश्रुत आहे. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. या संस्थांनी रुग्णाला आसरा आणि प्रतिष्ठा दिली.

१९५१ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने त्यापुढचे पाऊल टाकले. डॉ. आर. व्ही. वारडेकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर आधारलेली पद्धती विकसित केली. रुग्णाने संस्थेत येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन अंग तपासायचे, गावाला रोगाची माहिती द्यायची आणि डॅप्सोनच्या गोळ्या घरपोच द्यायच्या, असा हा क्रम होता. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच चौकट स्वीकारली. नियंत्रण पथके, सर्वेक्षण-शिक्षण-उपचार केंद्रे, अवैद्यकीय सहायक आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशी यंत्रणा पुढील दशकांत रोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत उभी राहिली. खेड्यातील माणसाच्या त्वचेतून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचला तो या मार्गाने, आणि त्याचे वाचन झाले ते प्रामुख्याने जंतूंचे.

दुसरे वाचन : खानोलकर आणि दस्तूर

याच सुमारास मुंबईत त्वचेच्या नमुन्याचे दुसरे वाचन सुरू झाले होते. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे एक प्रवर्तक डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे कर्करोग संशोधनासाठी अधिक परिचित आहेत. टाटा स्मारक रुग्णालयाची प्रयोगशाळा आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्र यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. परंतु कुष्ठरोगाच्या अभ्यासातील त्यांचे योगदान तितकेच मूलगामी आहे. कुष्ठरोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांच्या ऊतिरचनेवरील त्यांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विशेष अहवालमालेत १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या अभ्यासाचे वैशिष्ट्य त्याच्या निवडीत आहे. तोपर्यंतचे बरेच वर्णन पूर्ण विकसित रोगाचे, गाठींचे आणि जाड झालेल्या नसांचे होते. खानोलकरांनी आरंभीचा, किरकोळ भासणारा चट्टा निवडला. चिरेच्या पद्धतीत त्वचेचा द्रव खरवडला जातो आणि ऊतीची रचना नष्ट होते. बायोप्सीमध्ये मात्र त्वचेचा पूर्ण जाडीचा तुकडा काढून त्याचे पातळ छेद घेतले जातात. त्यामुळे कोणती गोष्ट कोठे आहे हे कळते. अशा छेदांमध्ये, जेथे दाह अत्यल्प होता तेथेही, त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंच्या आत जंतू आढळले. यावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की जंतूला मज्जातंतूंविषयी विशेष ओढ आहे. तो त्वचेतील तंतूंच्या टोकांपाशी शिरतो आणि तंतूंच्या मार्गाने वर सरकत मोठ्या नसांपर्यंत पोहोचतो. नसेचे दुखणे हा रोगाचा उत्तरार्ध नसून त्याचा आरंभच असू शकतो, हा या प्रतिपादनाचा गाभा होता.

वैज्ञानिक मताप्रमाणे या प्रतिपादनातही पुढे दुरुस्त्या झाल्या. तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी हे जंतूचे प्रमुख आश्रयस्थान असल्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले. १९९७ नंतरच्या संशोधनातून श्वान पेशींच्या आवरणातील लॅमिनिन-२ या प्रथिनाच्या साहाय्याने जंतू पेशीला चिकटतो हे रेणूंच्या पातळीवर स्पष्ट झाले. नसेच्या बाह्य आवरणातील रक्तवाहिन्यांतूनही जंतू आत येत असावा, असाही पक्ष पुढे मांडला गेला. प्रवेशाचा मार्ग वादाचा राहिला, तरी त्वचेच्या छेदात प्रथम मज्जातंतू शोधावा हा खानोलकरांनी घालून दिलेला धडा कायम राहिला.

यापुढचा प्रश्न असा होता : छेदात दिसणारी तंतूंची हानी आणि रुग्णाला जाणवणारी बधिरता यांचा परस्परसंबंध काय? डॉ. डी. के. दस्तूर यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. कुष्ठरोगातील त्वचेच्या मज्जातंतूंची ऊतिविकृती आणि त्वचेची संवेदनक्षमता यांच्या संबंधावरील त्यांचा लेख १९५५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील मज्जाविकृतिशास्त्राच्या कार्यासाठी ते पुढे ओळखले गेले. या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या रीतीत आहे. रुग्णाच्या शरीरावर संवेदना तपासायची आणि त्वचेतील मज्जातंतूंच्या अवस्थेशी तिचा मेळ घालायचा, म्हणजे रुग्णाचे सांगणे आणि सूक्ष्मदर्शकाचे सांगणे एकमेकांसमोर ठेवायचे, ही ती रीत होय. परिघीय मज्जातंतूंच्या विकारांत त्वचेच्या बायोप्सीचा आज जो उपयोग केला जातो, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. नंतर चार दशकांनी जगभर रूढ होऊ लागलेल्या तपासणीचा विचार मराठी मुलखातील रोगाच्या अभ्यासातून असा आधीच आकाराला आला होता.

वर्गीकरण आणि नसेचे स्थान

१९६० च्या दशकात रिडले व जॉपलिंग यांनी कुष्ठरोगाचे वर्गीकरण मांडले (१९६२, १९६६). रुग्णाच्या प्रतिकारशक्तीनुसार एका टोकाला क्षयसदृश प्रकार आणि दुसऱ्या टोकाला जंतुबहुल प्रकार, मध्ये सीमावर्ती अवस्था, अशी ही पंचविध रचना आहे. तिच्यासाठी बायोप्सी आवश्यक ठरली. विकृतिशास्त्रज्ञाच्या दृष्टीने छेदातील मज्जातंतू आता निदानाची खूण बनला. तंतूभोवती किंवा तंतूच्या आत दाहपेशींचा समूह दिसला, तर इतर त्वचारोगांपासून कुष्ठरोग वेगळा काढता येतो. तथापि येथेही तंतूकडे पाहण्याचा हेतू रोगाचे नाव निश्चित करणे हाच होता. किती तंतू उरले आणि ते वाचवता येतील काय, हा प्रश्न वर्गीकरणाच्या कक्षेबाहेर राहिला.

औषधाचे यश आणि नोंदवहीतून निसटलेली नस

डॅप्सोनला न जुमानणारे जंतू आढळू लागल्यावर १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांचा समावेश असलेल्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. देशात या उपचाराचा आरंभ झालेल्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९८३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाचे नाव ‘नियंत्रण’ ऐवजी ‘निर्मूलन’ असे झाले. टप्प्याटप्प्याने हा उपचार इतर जिल्ह्यांतही पोहोचला. रुग्णांची संख्या वेगाने घटली. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील हे मोठे यश आहे, यात शंका नाही.

परंतु या यशाचे मोजमाप ज्या एककाने झाले, ते तपासून पाहणे इतिहासकाराचे काम आहे. ते एकक होते ‘उपचार घेत असलेला नोंदणीकृत रुग्ण’. उपचार पूर्ण होताच रुग्णाचे नाव ‘उपचारमुक्त’ म्हणून यादीतून वगळले जाई. उपचाराचा कालावधी जसजसा कमी झाला, तशी कोणत्याही एका दिवशी यादीत असणाऱ्यांची संख्याही कमी होत गेली. १९९८ पासून जंतुबहुल रुग्णांसाठी चोवीस महिन्यांऐवजी बारा महिन्यांचा उपचार पुरेसा मानला गेला. त्याच सुमारास उपचारासाठी चिरेची तपासणी अनिवार्य राहिली नाही; पाचपेक्षा अधिक चट्टे असल्यास जंतुबहुल आणि पाच किंवा कमी असल्यास जंतुविरल, अशी चट्ट्यांची मोजणी पुरेशी ठरली. मनुष्यबळाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता. त्यामुळे मात्र त्वचेच्या नमुन्याचे पहिले वाचनही जिल्हा पातळीवर क्षीण झाले. पुढे कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली आणि वर्षानुवर्षे नसा चाचपून तरबेज झालेल्या कार्यकर्त्यांची पिढी हळूहळू निवृत्त झाली.

औषधाने जंतू मरतात. मेलेला तंतू मात्र औषधाने परत येत नाही. इतकेच नव्हे, तर उपचार चालू असताना अथवा संपल्यावरही मृत जंतूंच्या अवशेषांविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया उसळू शकते आणि काही दिवसांत नस निकामी होऊ शकते. ही ‘रिअॅक्शन’ वेळीच ओळखून प्रेडनिसोलोनचा उपचार केल्यास बऱ्याच वेळा नस वाचते. म्हणजे नसेच्या दृष्टीने निर्णायक काळ आणि नोंदवहीच्या दृष्टीने निर्णायक काळ हे एक नाहीत. विकृतीच्या प्रतवारीतही हेच दिसते. डोळ्यांना दिसणारी विकृती ही दुसरी श्रेणी. बधिरता आहे पण विकृती दिसत नाही ती पहिली श्रेणी. अहवालांत दुसऱ्या श्रेणीचा उल्लेख ठळकपणे होतो. पहिल्या श्रेणीतील माणूस बांधीत उतरतो, त्याच्या पायाला काटा लागतो, तो त्याला कळत नाही; आणि काही हंगामांनंतर तो दुसऱ्या श्रेणीत दाखल होतो.

तंतूंची मोजणी

जे दुसरे वाचन कुष्ठरोगाच्या अभ्यासातून आकाराला आले होते, ते १९८० च्या दशकानंतर एका नव्या साधनामुळे सर्व मज्जातंतुविकारांसाठी खुले झाले. मज्जापेशींमध्ये विपुल आढळणाऱ्या पी.जी.पी. ९.५ या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार झाली. त्यांच्या साहाय्याने त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात शिरणारे, आवरणरहित व अत्यंत बारीक तंतूही स्पष्ट दिसू लागले. पूर्वीच्या चांदीच्या रंगक्रियेत हे तंतू विश्वासार्हपणे मोजता येत नसत. १९८९ मध्ये लंडनमधील संशोधकांनी शंभर कुष्ठरुग्णांच्या त्वचेतील मज्जातंतूंचा या प्रकारच्या प्रतिपिंडांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा व जॉन्स हॉपकिन्स येथील गटांनी मधुमेह, एचआयव्ही इत्यादींमुळे होणाऱ्या हानीसाठी तंतूंची प्रत्यक्ष मोजणी सुरू केली.

आज रूढ असलेली पद्धत अशी : घोट्याच्या बाहेरील हाडापासून सुमारे दहा सेंटिमीटर वर, जागा बधिर करून, तीन मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने त्वचेचा तुकडा काढला जातो. त्याला टाका घालावा लागत नाही. तुकड्याचे सुमारे पन्नास मायक्रोमीटर जाडीचे छेद घेऊन बाह्यत्वचेत शिरणारे तंतू मोजतात आणि दर मिलिमीटरमागे त्यांची संख्या देतात. २००५ मध्ये युरोपीय मज्जाविकारतज्ज्ञांच्या महासंघाने याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०१० मध्ये त्या सुधारण्यात आल्या. त्याच वर्षी युरोप, अमेरिका व आशिया येथील प्रयोगशाळांनी ५५० निरोगी व्यक्तींच्या आधारे वय व लिंगानुसार प्रमाणमूल्ये दिली. नसेतील विद्युतवहनाची नेहमीची तपासणी जाड तंतूंविषयी सांगते. उष्णता व वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंविषयी ती मौन पाळते. त्वचेची बायोप्सी ही उणीव भरून काढते.

कुष्ठरोगात या उणिवेला विशेष महत्त्व आहे, कारण त्यात उष्ण-शीत संवेदना बहुधा लवकर लोपते. उत्तर प्रदेशातील दोन केंद्रांत जंतुबहुल प्रकारच्या ३०३ नव्या रुग्णांवर झालेल्या पाठपुरावा-अभ्यासाने (२००८) दाखवले की नायलॉनच्या तंतूने केलेल्या स्पर्शचाचणीत दोष आढळण्यापूर्वी, बारा आठवड्यांपर्यंत आधी, विद्युतवहन व उष्णतेच्या चाचण्यांत बिघाड दिसू शकतो. याच रुग्णसमूहातील त्वचेच्या बायोप्सींवरून २०१२ मध्ये असेही निदर्शनास आले की बाहेरून न ओळखलेल्या काही रुग्णांच्या ऊतीत रिअॅक्शनच्या खुणा होत्या. तमिळनाडूतील करिगिरी येथील १९९८ च्या अभ्यासानुसार, चट्टा नसलेल्या केवळ नसांच्या कुष्ठरोगातही वरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेत काही वेळा रोगाच्या खुणा सापडतात. त्वचा गप्प दिसते तेव्हाही ती काही सांगत असते, असा या सर्वांचा अर्थ आहे.

जिल्ह्याच्या संदर्भात

ही तपासणी जशीच्या तशी भंडाऱ्याला लागू करावी, असे मात्र म्हणता येत नाही. त्याची पहिली अडचण शास्त्रीय आहे. मधुमेहातील हानी तंतूच्या लांबीनुसार होते. म्हणून पायाकडून वर चढत जाते आणि घोट्याजवळचा ठरावीक नमुना तेथे योग्य ठरतो. कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो. त्यामुळे बधिरता कानाच्या पाळ्या, कोपराची मागील बाजू, गालाचा उंचवटा अशा थंड जागी आणि चट्ट्यांच्या ठिकाणी विखुरलेली असते. अमेरिकन मज्जातज्ज्ञ टी. डी. सॅबिन यांनी १९६९ मध्ये ही तापमानाशी निगडित बधिरता वर्णिली होती. अशा रोगात नमुना चट्ट्यातून घेऊन त्याची तुलना त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या बाजूच्या निरोगी त्वचेशी करणे अधिक युक्त ठरते. शिवाय कोपरामागील अल्नर किंवा घोट्यामागील नसेच्या खोडाची अवस्था त्वचेच्या तुकड्यावरून पूर्णपणे कळत नाही. तेथे बोटांनी चाचपणे आणि स्नायूंची ताकद पाहणे याला पर्याय नाही.

दुसरी अडचण व्यवस्थेची आहे. प्रतिपिंडांची रंगक्रिया, जाड छेद आणि मोजणीत तरबेज असलेला विकृतिशास्त्रज्ञ या गोष्टी मोठ्या केंद्रांतच एकत्र मिळतात. तिसरी अडचण नैतिक स्वरूपाची आहे. ज्या पायाची जखम आधीच सावकाश भरते, त्या पायावर आणखी एक जखम करण्यापूर्वी तिच्या निष्कर्षाने उपचारात काही फरक पडणार आहे काय, हे विचारणे क्रमप्राप्त आहे.

तरीही दोन कारणांनी या वाचनाचे महत्त्व वाढत आहे. पहिले म्हणजे मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मद्यपान यांमुळे होणारी बधिरता ग्रामीण भागातही अपरिचित राहिलेली नाही. प्रत्येक बधिर पाय कुष्ठरोगाचा नसतो आणि मधुमेह असलेल्या प्रत्येक रुग्णाची बधिरता मधुमेहाचीच असते असेही नाही. संदिग्ध रुग्णाच्या बाबतीत, तंतूभोवती दाह आहे की केवळ तंतू विरळ झाले आहेत, हा भेद बायोप्सी दाखवू शकते. दुसरे कारण म्हणजे रिअॅक्शनची शंका असलेला रुग्ण. त्याला वेळेत वरच्या रुग्णालयात पाठवून नमुना तपासला गेला, तर उपचाराची दिशा ठरण्यास मदत होते.

जिल्हा पातळीवर दुसऱ्या वाचनाचा आशय मात्र बायोप्सीवाचूनही आचरता येतो. नायलॉनचा तंतू किंवा साध्या बॉलपेनचे टोक तळहात व तळपायाच्या ठरावीक जागी टेकवून स्पर्श कळतो काय हे पाहणे, नसा चाचपणे, करंगळी व अंगठ्याची ताकद तपासणे आणि या सर्वांची दर भेटीत नोंद ठेवणे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात शक्य आहे. त्यासाठी लागते ती नोंदवहीची रचना : जंतू संपल्यावर रुग्णाचे पान बंद न करणारी. घरोघरी फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीने चट्ट्यासोबत बधिरता विचारली, आणि मऊ रबराच्या तळव्याची पादत्राणे रोवणीच्या हंगामापूर्वी रुग्णाच्या पायापर्यंत पोहोचली, तर खानोलकर व दस्तूर यांच्या सूक्ष्मदर्शकाने सांगितलेली गोष्ट पवनी किंवा साकोलीच्या बांधीपर्यंत पोहोचली असे म्हणता येईल.

समारोप

त्वचेच्या नमुन्याचा हा इतिहास तंत्रज्ञानाच्या प्रगतीची सरळ रेषा नाही. कार्टर यांच्या काळात नस दिसली. हॅन्सेन यांच्या शोधानंतर ती मागे पडली. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती पुन्हा केंद्रस्थानी आली. आणि निर्मूलनाच्या हिशेबात पुन्हा निसटली. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता : नमुना कोणासाठी वाचायचा? समाजाच्या संरक्षणासाठी जंतू मोजणे आवश्यक होते व आहे. पण ज्याच्या अंगातून तो तुकडा काढला, त्याच्यासाठी तंतू मोजणे हीच खरी तपासणी होय. रोगाचे प्रमाण दीर्घकाळ अधिक राहिलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात रुग्ण जंतुमुक्त होणे ही उपचाराची अर्धी वाट आहे. चिखलातला काटा ज्याच्या पायाला कळतो, त्याच्याच बाबतीत ती वाट पूर्ण झाली असे मानता येईल.